टेबलाची उंची कोणाच्या मापाची?

या सदरांत मागें मीं घरांतील दिव्यांची मांडणी, पाण्याच्या टांकीची स्वच्छता व पुस्तकांना लागणारी कसर अशा विषयांवर चार शब्द लिहिले आहेत. आजचा विषय मात्र मीं होऊन निवडलेला नाहीं. एका हरवलेल्या पाटानें तो माझ्यापुढें आणून ठेवला.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. घरीं सवाष्ण जेवावयास यावयाची होती. पानें मांडतांना असें आढळलें कीं, पितळी फुलें बसविलेल्या सहा पाटांपैकीं एक जागेवर नाहीं. माळ्यावर पाहिलें, देवघरांत पाहिलें, शेजारींही विचारून झालें. अखेरीस थोरल्याचा मुलगा म्हणाला, "आजोबा, तो काकूच्या टेबलाखालीं आहे." मी जाऊन पाहतों तों खरोखरच, कापडांत गुंडाळलेल्या दोन विटांवर तो पाट नीट बेतून ठेवलेला होता. धाकट्या सूनबाईचीं पावलें खुर्चींतून जमिनीस पोंचत नव्हतीं, म्हणून तिनें आपल्यापुरती केलेली ही सोय.

धाकटी सूनबाई एका संगणक कंपनींत काम करते. मार्च २०२० मध्यें पुष्कळांचीं कामें घरीं आलीं, त्यांत तिचेंही आलें. पुढें कचेऱ्या उघडल्या तरी आठवड्यांतील तीन दिवस तें घरींच राहिलें. ज्या टेबलाशीं ती बसते तें माझ्या वडिलांचें. उत्तम सागवानी, तीन खणांचें, १९५८ सालीं सुतार घरीं बसवून करवून घेतलेलें. वडील सहा फुटांस थोडेच कमी. टेबल अर्थात् त्यांच्या मापाचें. सूनबाई जेमतेम पांच फूट. गेलीं दोन-अडीच वर्षें तिची मान व उजवा खांदा दुखत असे. तेल चोळून झालें, शेक झाला, उशी बदलून झाली. मींही एकदां, मास्तरकीच्या जुन्या संवयीनें, "तुमच्या पिढीला ताठ बसण्याची संवयच नाहीं," असें म्हणून सूर्यनमस्कारांचा उपदेश केला होता.

"सूनबाई, टेबल उंच पडतें हें कधीं बोलली कां नाहींस?" मीं विचारलें.

"आजेसासऱ्यांचें टेबल, मामंजी," ती म्हणाली, "त्याला उंच कसें म्हणायचें? मला वाटलें, मीच बुटकी."

या उत्तरावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. ३४ वर्षें मुलांना शिकविलें. ठेंगण्या मुलांना पुढल्या बाकावर बसवीत आलों. पण तो बाक त्यांना उंच होतो कीं काय, हें एकदां तरी वांकून पाहिल्याचें स्मरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शिंप्याची टेप काढली. सौभाग्यवतींनीं माप घेतलें, मीं आंकडे टिपले. माप घेण्याची रीत सोपी आहे व ती प्रत्येक घरांत करून पाहण्याजोगी आहे. खुर्चीची बैठक इतकी खालीं घ्यावी कीं, दोन्ही पावलें जमिनीवर सपाट टेकतील व गुडघ्यांत काटकोन होईल. खांदे सैल सोडून दंड शरीरालगत लोंबते ठेवावे, कोंपरांत काटकोन करावा, आणि जमिनीपासून कोंपरापर्यंतचें अंतर मोजावें. बसून काम करण्याच्या टेबलाची ती योग्य उंची. सूनबाईचें हें माप ६१ सेंटिमीटर भरलें. वडिलांचें टेबल ७६ सेंटिमीटर. मध्यें १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सहा इंचांचें अंतर! खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात. खालीं घेतली तर खांदे उचलून धरावे लागतात. पायांची सोय पाटानें केली होती. पण खुर्ची पुरती वर जात नसल्यामुळें उरलेलें अंतर खांद्यांना भरून काढावें लागत होतें, आणि तें रोज आठ तास.

बाजारांत मिळणारीं बहुतेक टेबलें २९ ते ३० इंच उंच असतात. साधारण सहा फुटांच्या माणसाला लिहिण्यापुरती ती उंची चालते. त्याहून ठेंगणीं माणसें, म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य स्त्रिया व पुष्कळसे पुरुष, जन्मभर खांदे उचलून लिहितात आणि दोष आपल्या पाठीला देतात. पूर्वींचा कारकून किंवा पेढीवरचा मुनीम जमिनीवर मांडी घालून उतरत्या डेस्कावर लिही. जमीन ज्याच्या त्याच्या पायाखालींच असल्यामुळें हा प्रश्न त्याला तितकासा पडत नसे. खुर्ची-टेबल आलें, आणि त्याबरोबर कोणा एकाचें माप सर्वांना लागू झालें.

पहिला विचार साधा होता: टेबलाचे पाय सहा इंच कापावे. सुतार बोलावला, त्यानें पेन्सिलीनें खूणही केली. तेवढ्यांत धाकटा चिरंजीव म्हणाला, "मग रात्रीं मीं कोठें बसावें?" तो ५ फूट १० इंच, त्याचें काम अमेरिकेंतील लोकांशीं असतें, म्हणून रात्रीं तेंच टेबल त्याच्या उपयोगाचें. त्याचें बसतें माप ६८ सेंटिमीटर भरलें. एकत्र कुटुंबांत खोली एक, टेबल एक, आणि बसणारीं माणसें निरनिराळ्या बांध्याचीं. येथें करवतीनें कोणाचेंच पुरतें समाधान होणार नव्हतें. म्हणून ज्याची उंची बटण दाबून कमीअधिक होते अशा विजेवरील टेबलाचा विषय निघाला.

हीं टेबलें दोन प्रकारें मिळतात: एक तयार, आणि दुसरें नुसता लोखंडी सांगाडा, ज्याला विकणारे 'फ्रेम' म्हणतात. सांगाड्यावर आपली फळी आपण बसवावयाची. हातानें दांडा फिरवून वरखालीं होणारे सांगाडेही असतात, व ते स्वस्त पडतात. पण दिवसांतून दोनचारदां दांडा कोण फिरवणार? आठ दिवस उत्साह राहतो, नंतर टेबल जेथें असेल तेथेंच राहतें. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ बसणारें माणूसच बदलणार, म्हणून विजेचा सांगाडा पत्करला.

त्याची रचना समजून घेतल्यास निवड करणें सोपें जातें. पाय दोन. प्रत्येक पाय म्हणजे एकांत एक सरकणाऱ्या पोलादी नळ्या. जुन्या ट्रान्झिस्टरची एरिअल जशी ओढून लांब करीत, तसा प्रकार. आंत एक लांब आट्यांचा दांडा असतो. मोटर तो दांडा फिरवते आणि त्यावरील नट वर चढतो किंवा खालीं उतरतो. आटे असल्यामुळें वीज गेली तरी टेबल कोसळत नाहीं. जेथें होतें तेथेंच उभें राहतें. स्वस्त सांगाड्यांत मोटर एकच, आणि तिची गति एका आडव्या दांड्यानें दुसऱ्या पायास पोंचविलेली असते. महाग सांगाड्यांत दोन्ही पायांना स्वतंत्र मोटरा. दोन्ही पाय समान चढावेत म्हणून मोटरींचे फेरे मोजणारी योजना असते, व फळीखालच्या नियंत्रक पेटींत तो हिशेब राहतो. एक मोटर असलेले सांगाडे साधारण ७०-८० किलो वजन घेतात व सेकंदास दोन-अडीच सेंटिमीटर चढतात. दोन मोटरांचे सांगाडे १०० ते १२५ किलो घेतात व सेकंदास साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास चढतात. घरगुती कामाला वजनाचा प्रश्न सहसा येत नाहीं. पण दोन मोटरांचें यंत्र कमी आवाज करतें आणि एका बाजूस पुस्तकांचा ढीग असला तरी कुरकुरत नाहीं.

आतां आमची चूक सांगतों, कारण तिच्यामुळेंच हा लेख लिहावासा वाटला. पहिला सांगाडा घेतांना आम्ही सर्वांनीं वरचाच आंकडा पाहिला. १२० सेंटिमीटरपर्यंत चढतो, ८० किलो पेलतो, भावही बरा, झालें, मागविला. खोका उघडून, पाय जोडून, तो अगदीं खालीं आणून माप घेतलें, तों ७१ सेंटिमीटर! आणि त्यावर फळी बसावयाची होती ती निराळी. म्हणजे इतका खटाटोप करून आम्ही फिरून वडिलांच्या टेबलाच्या जवळपास येऊन थांबलों. विक्रेत्याच्या कागदावर तो आंकडा होता, नव्हता असें नाहीं. बारीक अक्षरांत, फळीवांचून मोजलेला. दोष वाचणाराचाही म्हणावयाचा. सांगाडा परत गेला, पण जाण्यायेण्याचें भाडें व दहा दिवस आमचे गेले. ते दहा दिवस सूनबाई पुन्हां विटांवर पाय ठेवून बसली, हें मला अधिक लागलें.

या प्रकाराचें कारण नळ्यांच्या संख्येंत आहे. पायांत दोनच नळ्या एकांत एक असल्या, तर मिटलेली लांबी जास्त राहते. अशा सांगाड्याची खालची उंची बहुधा ७० सेंटिमीटरांच्या वरच असते. तीन नळ्यांचा पाय मिटल्यावर ६०-६२ पर्यंत उतरतो आणि उघडल्यावर १२५ च्या आसपास चढतो. शिवाय वर चढल्यावर नळ्या एकमेकींत अधिक गुंतलेल्या राहत असल्यामुळें तो कमी डुलतो. तेव्हां घरांत साडेपांच फुटांखालचें कोणी त्या टेबलाशीं बसणार असेल तर तीन नळ्यांचाच पाय घ्यावा. विकणारा वरची उंची आपण होऊन सांगतो. खालची आपण विचारावी, आणि तींत फळीची जाडी मिळवावी. उंच माणसाला ठेंगण्या टेबलावर चार पुस्तकें ठेवून भागवितां येतें. ठेंगण्या माणसाला उंच टेबल पाहून जमिनींत खड्डा खणतां येत नाहीं.

उभें राहून काम करण्याच्या उंचीचा अंदाज गणितानें येतो. उभ्या माणसाचें कोंपर त्याच्या उंचीच्या सुमारें पांच-अष्टमांशावर असतें. १५२ सेंटिमीटर उंचीच्या सूनबाईस तें ९५-९६ येतें, १७८ च्या चिरंजीवांस १११-११२. प्रत्यक्ष टेपनें घेतलेलीं मापेंही सेंटिमीटर-अर्ध्या सेंटिमीटरानेंच निराळीं निघालीं. तात्पर्य, आम्हांला खालीं ६१ व वर ११२ एवढा पल्ला हवा होता. दुसऱ्या वेळीं घेतलेला सांगाडा दोन मोटरांचा व तीन नळ्यांचा. फळीवांचून ६० पर्यंत उतरणारा. किंमत पंचवीस हजारांच्या घरांत गेली. ही रक्कम लहान नव्हे, हें मी जाणतों. ज्यांच्या घरीं एकच माणूस टेबलाशीं बसतें, त्यांनीं एवढा खर्च न करतां सुताराकडून आपल्या मापाचें साधें टेबल करून घ्यावें किंवा असलेल्याचे पाय कापावे. पुष्कळ काम त्यांतच होईल.

नवी फळी घेण्याची पाळी मात्र आली नाहीं. वडिलांच्या टेबलाची फळी तशीच्या तशी नव्या पायांवर बसवावी ही कल्पना सुताराची. ती साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद व एक इंच जाड; वजन सतरा-अठरा किलो, म्हणजे यंत्राला कांहींच नव्हे. जुने खण मात्र गेले. सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या जेथें येतात तेथेंच ते होते, आणि असते तरी गुडघ्यांना लागले असते. वडील ज्या खणांत पंचांग व चष्मा ठेवीत, तो आतां माझ्या कॉटशेजारच्या लहान कपाटांत बसविला आहे.

जुळणी करतांना ज्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या त्या क्रमानें सांगतों.

सांगाडा उलटा करून जोडावयाचा असतो. खालीं जाड सतरंजी अंथरावी व फळी त्यावर पालथी घालावी. आडव्या पट्ट्या लांबवून सांगाड्याची रुंदी फळीस जुळवावी. दोन्ही बाजूंस फळी चार-पांच बोटें बाहेर राहिली म्हणजे पुरें. भोंकें पाडण्यापूर्वीं स्क्रूची लांबी फळीवर धरून पाहावी. स्क्रू जितका लांकडांत जाणार तो फळीच्या जाडीहून निदान पांच-सहा मिलिमीटर कमी हवा, नाहीं तर टोंक वर येऊन साठ वर्षांच्या सागवानाला कायमचा व्रण पडावयाचा. आमच्या सुतारानें गिरमिटाच्या पात्याला हव्या त्या खोलीवर कागदी पट्टी चिकटविली; पट्टी लांकडास टेकली कीं थांबावयाचें. साधी युक्ति, पण चुकूं देत नाहीं.

अखंड लांकडाची फळी असल्यास आणखी एक काळजी आहे. लांकूड पावसाळ्यांत रुंदीच्या दिशेनें फुगतें व उन्हाळ्यांत आखडतें. लांबीच्या दिशेनें हा फरक नाममात्र असतो. म्हणून रुंदीच्या बाजूचे स्क्रू गोल भोंकांतून न घालतां सांगाड्याच्या लांबट खांचांतून घालावे, खालीं वायसर घालावें, व अगदीं आवळून टाकूं नयेत. नाहीं तर एखाद्या आषाढांत फळी तडकेल. प्लायवुडला किंवा भुशाच्या दाबलेल्या फळीला ही भीति नाहीं. मात्र भुशाच्या फळींतून स्क्रू पुन्हां पुन्हां काढूं घालूं नये, भोंक ढिलें पडतें.

टेबल सुलटें करण्यास दोन धट्टीकट्टीं माणसें लागतात, व तें पायांस धरून उचलावें, फळीस धरून नव्हे. आमच्या खोलींत शहाबादी फरशी, व ती कोठेंच सपाट नाहीं. तेव्हां गवंड्याची पाणसळ फळीवर ठेवून तळचे लहान पाय पिळून समपातळी साधावी. ती साधली नाहीं तर वर चढलेलें टेबल लिहितांना हलतें आणि दोष यंत्रावर येतो.

वीज जोडल्यावर पहिलें काम म्हणजे यंत्राला त्याचा आरंभ शिकविणें. खालीं जाण्याचें बटण दाबून धरावें; टेबल तळाशीं जाऊन थांबलें तरी सोडूं नये. थोड्या वेळानें तें आणखी किंचित् खालीं जातें व परत वर येतें. एवढें झालें म्हणजे दोन्ही मोटरांचा हिशेब एका बिंदूपासून सुरू होतो. एखादे वेळीं वीज जाऊन आल्यावर टेबल एका बाजूस कललेलें वाटलें किंवा पाटीवर अक्षरें दिसूं लागलीं, तरी पुष्कळदां हाच उपाय चालतो. मात्र आपल्या यंत्राची रीत सोबतच्या पुस्तिकेंत पाहून घ्यावी, व ती पुस्तिका रद्दींत देऊं नये.

तारांची लांबी टेबल अगदीं वर नेऊन मोजावी. बसत्या उंचीवर नीट दिसणारी तार टेबल वर जातांना ताणून लॅपटॉपसकट खालीं यावयाची. उत्तम मार्ग हा कीं, अनेक खांचांची विजेची पट्टी फळीच्या खालीं स्क्रूनें बसवावी, सर्व तारा तेथेंच थांबवाव्या, व भिंतीकडे एकच तार सैल सोडावी. भिंतींतील खांचेस अर्थिंग खरोखर आहे कीं नाहीं, तें वायरमनकडून पाहून घ्यावें. लोखंडी सांगाड्याला हात लावून दिवसभर बसावयाचें आहे. टेबलाच्या मार्गांत खिडकीची चौकट, भिंतींतील फडताळ किंवा उघडें दार येत नाहीं ना, हेंही आधीं पाहावें. अडथळा लागला तर थांबून मागें सरण्याची योजना चांगल्या यंत्रांत असते. परंतु ती जड वस्तूस ओळखते, बाळाचीं बोटें ओळखीलच असें नाहीं. बटणें बंद करून ठेवण्याची सोय असते, ती घरांत मुलें असल्यास अवश्य वापरावी.

मुलांवरून आठवलें. पहिल्या रविवारीं आमच्या नातवंडांनीं त्या टेबलाचा पाळणा केला. एकानें बसावें, दुसऱ्यानें बटण दाबावें. दहापंधरा फेऱ्या झाल्या आणि टेबल मध्येंच थांबलें तें हलेचना. मुलांचीं तोंडें उतरलीं. माझेंही उतरलें, कारण पैसे मी मोजले होते. पुस्तिका उघडली तेव्हां कळलें कीं, हीं यंत्रें सतत चालण्याकरितां नसतात: दोन मिनिटें चाललें तर अठरा मिनिटें विश्रांति, असा त्यांचा नियम. मोटर तापूं लागली म्हणजे यंत्र आपण होऊन थांबतें. वीस मिनिटांनीं तें मुकाट्यानें चालूं लागलें. तेव्हांपासून आमच्याकडे बटणें बंद असतात.

आतां उभें राहण्याविषयीं. असें टेबल घरीं आलें कीं उभें राहणें हीच तपश्चर्या आहे असा कित्येकांचा समज होतो. बाकावर उभें राहणें ही आमच्या शाळेंत शिक्षा होती, हें मी येथें नमूद करून ठेवतों. मी स्वतः फळ्यासमोर ३४ वर्षें उभा राहिलों. त्याचें बक्षीस म्हणून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या आहेत व रोज सकाळीं घट्ट मोजे चढवावे लागतात. नुसतें उभें राहण्यानें अंगही झडत नाहीं. २०१८ सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब करून असें दाखविण्यांत आलें कीं, बसण्यापेक्षां उभें राहण्यांत मिनिटास सुमारें ०.१५ कॅलरी अधिक खर्च होते. सहा तास उभें राहिलें तर ५४. एक पोळीही पुरती जिरावयाची नाहीं.

मग फायदा कशांत आहे? तो बदलण्यांत व हालचालींत आहे. १९५३ साली लंडन येथें डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार अधिक, व जिने चढउतर करणाऱ्या कंडक्टरांत कमी, असें तींत दिसून आलें. पुढें १९५६ सालीं त्यांनींच गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां ड्रायव्हरांच्या कंबरा मुळांतच मोठ्या असल्याचें आढळलें; म्हणजे सगळें श्रेय जिन्याला देतां येईना. तरी बैठ्या कामाकडे वैद्यकाचें लक्ष वळलें तें अशा पाहण्यांपासून. तज्ज्ञांच्या एका मंडळानें २०१५ सालीं कचेरींतील लोकांस असा सल्ला दिला कीं, कामाच्या वेळांत उभें राहणें व हलकें चालणें मिळून प्रथम दोन तास, व हळूहळू चार तास व्हावें, तेंही तुकड्यातुकड्यांनीं. सतत बसूं नये, तसेंच सतत उभेंही राहूं नये. पतंजलींनीं आसनाला स्थैर्य व सुख हे दोन गुण मागितले आहेत. सुख संपलें कीं स्थैर्याचा हट्ट सोडावा, एवढाच अर्थ मी या टेबलापुरता घेतों.

आमच्या घरीं असा क्रम बसला आहे: अर्धा-पाऊण तास बसून, दहापंधरा मिनिटें उभें राहून, व मध्यें एक फेरी पाण्याच्या माठापर्यंत. टेलिफोनवरील बोलणीं उभ्यानें, बारकाईचें काम बसून. पायाखालीं जाड रबरी चटई असावी. शहाबादी फरशीवर अनवाणी उभें राहूं नये. आरंभीं दिवसांतून दोनदां पांच-दहा मिनिटेंच पुरेत.

आणखी एका गोष्टीवांचून हा सारा खर्च व्यर्थ जातो. लॅपटॉपचा पडदा व अक्षरांची पाटी एकमेकांस जोडलेलीं असल्यामुळें हात सुखांत असले तर मान वांकते, मान ताठ ठेवावी तर हात वर जातात. टेबल कितीही वरखालीं केलें तरी हा तिढा सुटत नाहीं. लॅपटॉप एका लहान घडवंचीवर चढवावा, व अक्षरांची पाटी निराळी घेऊन खालीं ठेवावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत व पडदा हातभर दूर असावा. ज्यांच्या चष्म्याला वर-खालीं दोन भिंगें आहेत, त्यांनीं पडदा थोडा खालीं ठेवावा, नाहीं तर खालच्या भिंगांतून पाहण्यासाठीं हनुवटी उचलून उचलून मान अवघडते.

असो. टेबल येऊन आतां सात महिने झाले. फळीसकट तें साडेबासष्टपर्यंत उतरतें. म्हणजे सूनबाईच्या मापाहून दीड सेंटिमीटर अधिकच, तेवढी खुर्ची वर घेऊन पायांत सपाता घातल्या कीं भागतें. तिचा खांदा पुष्कळ हलका झाला आहे. अगदीं थांबला असें म्हणणार नाहीं. फिजिओथेरपिस्ट बाईंनीं दिलेले व्यायाम ती नियमानें करते, तेव्हां टेबलाचा वांटा किती व व्यायामाचा किती, हें मला सांगतां येत नाहीं. यंत्राच्या पाटीवर उंची लक्षांत ठेवणारीं चारच बटणें आहेत. पहिलीं दोन सूनबाईचीं, पुढलीं दोन चिरंजीवांचीं. माझ्या वांट्यास बटण उरलें नाहीं. हा लेख मी माझ्या जुन्या उतरत्या डेस्कावर, जमिनीवर बसून लिहीत आहें. पाट धुऊन पुसून स्वयंपाकघरांत परत गेला.

परवां सौभाग्यवती ओट्याशीं पोळ्या लाटीत होत्या. मी दारांत उभा राहून सूनबाईस टेबलाविषयीं कांहीं सांगत होतों. त्यांनीं लाटणें खालीं ठेवून विचारलें, "अहो, हा ओटा कोणाच्या मापाचा?"

तो ओटा १९९१ सालीं मीं उभा राहून बांधवून घेतला. माप शेजारच्या घरांतून आणलें होतें. टेप पुन्हां काढली. ओटा ९१ सेंटिमीटर. त्यांचें कोंपर उभ्यानें ९४ वर. लाटणें-मळणें दाबून करावयाचीं कामें. त्यांना ओटा कोंपराहून चार-सहा इंच खालीं लागतो. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ त्या आपल्या मापाहून तीन-चार इंच उंच ओट्यावर पोळ्या लाटीत आल्या, आणि त्यांचे खांदे दुखत तेव्हां मीं त्यांनाही तेल चोळावयास सांगत आलों. ओट्याला बटण नसतें. त्याचें काय करतां येईल याचा विचार गवंडी व मी मिळून करीत आहों, व तें पुढील महिन्यांत लिहीन. तोंवर वाचकांनीं आपापल्या घरांतील टेप शोधून ठेवावी, आणि मापास आरंभ घरांतील सर्वांत ठेंगण्या माणसापासून करावा.